आधी जेवून घे

रविवार, संध्याकाळ

गाडी गुरुवारी आहे. आज रविवार.

हे मला स्टेशनावर उतरल्यावर कळलं. तिकिटं दादानं काढली होती. मला म्हणाला होता, "रविवारी जंक्शनला उतरायचं, सोमवारी पुढची गाडी. एक रात्र कशीतरी काढू." मी विश्वास ठेवला. जन्मल्यापासून या माणसाला ओळखते, तरी ठेवला. चौकशीच्या खिडकीतली बाई म्हणाली, लांबची गाडी आठवड्यातून एकदाच, गुरुवारी दुपारी. मागे वळून बघते तर दादा बॅगेवर बसून कागदातला केक खात होता.

"तुला माहीत होतं?"

"अंदाज होता," म्हणाला. "पण खरं सांगू का, इथे चार दिवसही कमीच पडतात. तुला कल्पना नाही इथे काय काय मिळतं."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की बॅग तिथेच टाकून परतीची गाडी धरावी. धरली नाही. त्याला शनिवारी त्या लांबच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात दाखल करायचं आहे आणि दुसरं कोणी नाही त्याला. त्यानं लग्न केलं नाही. कोणी विचारलं की म्हणायचा, रोज एकाच घरचं जेवायचं हे मला जमणार नाही. जन्मभर बेकऱ्यांच्या आणि खानावळींच्या भट्ट्या दुरुस्त करत गावोगाव फिरला. गाड्या बदलायला या जंक्शनवर उतरायचा, त्यामुळे इथली एकही भट्टी त्यानं हात घातल्याशिवाय सोडलेली नाही. आणि भट्टी नीट झाली की तिच्यातला पहिला पदार्थ याच्या पुढ्यात. अशी त्याची ओळख.

खोली मिळाली ती मालगाड्यांच्या आवाराकडे तोंड करून. दोन खाटा, मध्ये एक स्टूल, टॉवेल म्हणून दिलेल्या फडक्यानं एक कान पुसून होईल. गरम पाण्याच्या नळाला गार आणि गारच्या नळाला काहीच नाही. दादा म्हणाला, "छान आहे की."

आता मूळ गोष्ट लिहूनच टाकते, कारण ती आत ठेवून मला झोप येत नाही. दादाच्या जिभेच्या मुळाशी गाठ आहे. त्याला वाटतंय, गाठ काढतील, टाके घालतील, आठवड्याभरात घरी. दोन आठवड्यांपूर्वी आमच्या गावचा डॉक्टर त्याच्याशी तेवढंच बोलला. मला मात्र बाहेर व्हरांड्यात गाठून उरलेलं सांगितलं. जीभ जवळजवळ सगळीच काढावी लागेल. मग तोंडानं जेवण नाही, कधीच नाही. पोटात नळी बसवायची आणि तिच्यातून पातळ अन्न सोडायचं. बोलणंही बहुतेक जाईल. ऑपरेशन केलं तर चांगली वर्षं हाताशी आहेत. नाही केलं तर एक वर्षसुद्धा कठीण. हे सगळं बोलून झाल्यावर म्हणाला, "त्यांना तुम्हीच सांगा. घरच्या माणसाकडून ऐकलेलं बरं पडतं."

बरं कोणाला पडतं? त्याला पडतं. शिकला हा, फी घेतो हा, पाटी लावतो हा, आणि सांगायचं मी. माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकाचा नंबर वाढला की मी तोंडावर सांगते, मी कोणाला व्हरांड्यात पाठवत नाही.

तर हे मला गुरुवारच्या आत दादाला सांगायचं आहे. दवाखान्याच्या दारात सांगितलं तर ती फसवणूक होईल.

सोमवार, दुपार

आज सांगणार होते. जमलं नाही, आणि त्यात माझी काडीची चूक नाही.

आमच्या घरात एक नियम आहे. वाईट बातमी माणसाचं जेवण झाल्यावरच सांगायची. आधी नाही, आणि जेवताना तर नाहीच नाही. नियम आईचा. आजोबा गेल्याचा निरोप आला तेव्हा बाबा नुकते जेवायला बसले होते. आईनं त्यांना वाढलं, आणखी घ्या म्हणाली, हात धुवायला पाणी दिलं आणि मग सांगितलं. आई म्हणायची, दुःख कुठे पळून जात नाही, पण अन्न त्या माणसाच्या घशाखाली पुढे किती दिवस उतरणार नाही कोणास ठाऊक. आम्ही दोघांनी तो नियम कधी मोडला नाही. आई गेल्याचं दादानं मला फोनवर सांगितलं तेव्हासुद्धा आधी विचारलं होतं, जेवलीस का म्हणून.

तेव्हा सकाळी ठरवलं, नाश्ता होऊ दे, मग सांगू. बेकरीत गेलो. बेकरीवाल्यानं याला मिठीच मारली. "भट्टीवाले आले," असं आत ओरडला आणि मग जे सुरू झालं ते सुरू झालं. ऑम्लेट, लोण्याचा पाव, कस्टर्ड. दादा एका बाजूनं चावतो. प्रत्येक घास गिळताना हात कानाशी नेतो, कळ तिकडे जाते म्हणून. डॉक्टरनं सांगितलंय, पातळ खा, मऊ खा. हा पाव दुधात बुडवतो आणि म्हणतो, "झाला मऊ." मी चहा घेऊन समोर बसले, त्याचं होण्याची वाट बघत. त्याचं होईना. शेवटचा तुकडा ताटलीत उरला की हा हात वर करायचा, "अजून एक कस्टर्ड." तासाभरानं एकदाचा उठला, हात धुतले. मी तोंड उघडलं. त्यानं निघता निघता टोपलीतला एक गोड पाव उचलला आणि खात खात रस्त्यावर आला.

चौसष्ट वर्षांचा माणूस, रस्त्यात खातो.

पाव संपेपर्यंत आम्ही तळलेल्या माशांच्या गाडीपाशी पोचलो होतो.

मला कळत नाही, माणसाला दुखतंय तर तो कमी खाईल की जास्त? लहानपणीही असाच हावरट होता. एकदा आमचा कुत्रा दोन दिवस घरी आला नाही. तिसऱ्या दिवशी बाबा बाहेरून आले, गप्पच बसले, आणि आम्ही पोरं जेवायला बसलो होतो. मी पटकन जेवून उठले. दादा काही ताटावरून उठेना. भात वाढ, अजून वाढ. आईला वाटलं पोरगं उपाशी आहे. शेवटी ताटावरच त्याला झोप लागली.

सोमवार, संध्याकाळ

पुन्हा नाही. जेवण झाल्यावर त्याला बडीशेप लागते. बडीशेप म्हणजे जेवणातच धरायची का? आई असती तर विचारलं असतं. मी धरली. बडीशेप संपायच्या आत चहा आला, चहाबरोबर बिस्किटं आली.

खोलीवर आल्यावर म्हटलं, आता तोंड रिकामं आहे, सांगून टाकावं. त्यानं खिशातून पेपरमिंट काढलं.

मी बॅग आवरायच्या निमित्तानं सगळे कपडे बाहेर काढले आणि आपटून आपटून परत भरले. दादा म्हणाला, "काय झालं गं?" मी म्हणाले, काही नाही. पेपरमिंट चघळत तो मला त्या बेकरीवाल्याच्या पहिल्या भट्टीची गोष्ट सांगत बसला. मी अर्धी ऐकली.

बुधवार, सकाळ

काल लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नवीन काही नव्हतं. खाणं, खाणं आणि खाणं. मसुराचं सूप, उकडलेले बटाटे, सफरचंदाचा केक. मध्ये एका मिठाईच्या दुकानात मालकाशी गप्पा मारताना त्याचं तोंड रिकामं होतं, पण चारचौघांत कसं सांगणार? आणि बाहेर पडलो तर हातात पुडा.

एक मात्र लिहिते. काल दुपारी आवाराच्या भिंतीपाशी बसून तो केक खात होता. मी म्हणाले, "दादा, तुझं झालं की मला बोलायचंय." तो म्हणाला, "हो हो, झालंच." आणि त्या केकचे इतके बारीक तुकडे करायला लागला की चिमणीसुद्धा कंटाळली असती. ऊन भिंतीवरून उतरलं तरी त्याचा केक चालूच. मला रडू येत होतं आणि त्याच्या अंगावर धावून जावंसंही वाटत होतं. मी दुकान सुनेवर सोपवून, घर वाऱ्यावर सोडून याच्यासाठी आले, आणि याला पोटापलीकडे काही दिसत नाही. मला बोलायचंय म्हटल्यावर काय बोलायचंय असं साधं विचारावंसंही वाटलं नाही. एवढा कसा बेफिकीर असतो माणूस?

उद्या गाडी आहे. आज काय वाटेल ते होवो.

बुधवार, संध्याकाळ

झालं. जसं व्हायला नको होतं तसंच झालं.

दुपारी तो मला स्टेशनामागच्या खानावळीत घेऊन गेला. खानावळवाली त्याच्याच वयाची, आवाज असा की भांडी हलावीत. म्हणाली, "या भट्टीवाले, किती वाळलात. कोणी खायला घालत नाही वाटतं," आणि माझ्याकडे असं बघितलं जसं काही मीच याला उपाशी ठेवलंय. मी गिळलं. तिनं सूप आणलं, भात आणला, रश्श्यातला मासा आणला, वर ताजा पाव. भरलेली खानावळ, मालगाडीवरची माणसं, कोपऱ्यात एक कुटुंब.

दादा जेवत होता. पावाचा तुकडा त्यानं चावला आणि खाली ठेवला. त्याला लाल लागलं होतं. त्यानं तुकडा उलटा केला, लाल बाजू खाली, आणि दुसऱ्या बाजूनं खायला लागला. मी बघितलंय की नाही हे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

मग माझं मला आवरलं नाही.

"दादा, तुझी जीभ काढणार आहेत," मी म्हणाले. म्हणाले म्हणजे ओरडलेच. "गाठ नाही, जीभ. सगळी. यापुढे तुला जेवता येणार नाही. नळीनं घालावं लागेल. बोलताही येणार नाही. मी रविवारपासून सांगायचा प्रयत्न करतेय आणि तू चरतोयस."

खानावळीत चमचे थांबले. खानावळवाली हातात वाढण घेऊन तशीच उभी. आईचा नियम मी मोडला होता, तोही त्याच्या तोंडात घास असताना.

दादानं घास गिळला. हात कानाशी नेला. मग म्हणाला, "मला माहीत आहे. मीठ इकडे सरकव."

मी सरकवलं. त्यानं उरलेलं सगळं सावकाश जेवून संपवलं. खानावळवालीनं पैसे घेतले नाहीत आणि या वेळी माझ्याकडे वर मान करून बघितलं नाही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कधीपासून माहीत आहे?"

"त्या व्हरांड्याच्या दिवसापासून. तू आत आलीस आणि मला म्हणालीस, दादा, आइस्क्रीम खाऊया का. तू मला आयुष्यात कधी खा म्हणालीयस? घरी जाईपर्यंत एका शब्दानं मला ओरडली नाहीस. मी म्हटलं, आपलं काही खरं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरला फोन केला. त्यानं सांगितलं सगळं. वर म्हणाला, बहिणीला कळू देऊ नका तुम्हाला माहीत आहे ते, ती सांगायची तयारी करतेय."

तो डॉक्टर मला भेटू दे. नुसता भेटू दे.

"मग मला बोलला का नाहीस? दोन आठवडे मी जळतेय."

"तू सांगितलं असतंस, तर लगेच मला विचारलं असतंस, काय करायचं. मला उत्तर द्यायचं नव्हतं." तो भिंतीला टेकला. "मला वाटलं, तोंड चालू आहे तोवर तू काही बोलणार नाहीस. आईची लेक आहेस."

म्हणजे बेकरी, मासे, बडीशेप, पेपरमिंट, केकचे ते तुकडे. मी त्याला हावरट म्हणत होते आणि तो मला थोपवून धरत होता, दुखत असताना, एकेक घास करून. मला इतका राग आला, इतका, की पिशवी त्याच्या दंडावर मारली. जोरात मारली. रस्त्यातली माणसं बघायला लागली.

"उत्तर काय आहे तुझं?" मी म्हणाले.

"ठरलं नाही."

"ठरलं नाही म्हणजे? शनिवारी खाट राखून ठेवलीय."

"खाट ठेवलीय त्यांनी. जीभ माझी आहे." मग म्हणाला, "नळीतून सूप घातल्यावर ते मसुराचं आहे की कोंबडीचं, हे मला कोण सांगणार? तू?"

"हो, मी सांगीन. रोज सांगीन. आणि मीठ कमी आहे तेही सांगीन."

तो हसला. मी नाही हसले. मी म्हणाले, "दादा, तू मेलास तर मी कोणाला ओरडू? नवरा ऐकत नाही, मुलगा फोन ठेवून देतो. तू एकटाच आहेस ज्याच्यावर मी ओरडते आणि तो बसून ऐकतो." हे मी बोलले. खरंच बोलले. लिहितानाही लाज वाटत नाही.

आम्ही खोलीवर आलो. तो खाटेवर पडून मालगाड्या मोजतोय आणि मी हे लिहितेय. संध्याकाळी त्यानं काही खाल्लं नाही. चार दिवसांत पहिल्यांदा त्याचं तोंड रिकामं आहे आणि माझ्याकडे सांगायला काही उरलेलं नाही.

गुरुवार, सकाळ

तो माझ्या आधी उठला. दाढी केली, बॅग भरली, माझ्याही बॅगेची चेन लावून ठेवली. मी एक शब्द विचारला नाही. विचारलं आणि नाही म्हणाला तर? नाश्त्याला बेकरीत जाऊया म्हणाला नाही. चहा घेतला, बस.

मला त्याचं खाणं बघून राग यायचा. आता तो खात नाही याचा जास्त राग येतोय. मीच म्हणाले, "कस्टर्ड तरी घे." तर म्हणाला, "नको, पोट भरलंय."

गुरुवार, दुपार, गाडीत

चढला. स्वतःच्या पायानं, स्वतःची बॅग घेऊन चढला. मी फलाटावर त्याच्या मागे उभी होते, पाय मागे घेतला तर ढकलायच्या तयारीनं, पण वेळ आली नाही. गाडी सुटली तेव्हा मी देवाचं नाव घेतलं नाही, त्या डॉक्टरच्या नावानं मात्र दोन शब्द बोलून घेतले. परवा, शनिवारी सकाळी पोचतो. मध्ये उतरून परत फिरण्याजोगी एक-दोनच मोठी स्टेशनं आहेत.

चार दिवसांत मी पहिल्यांदा पाठ टेकून बसले. खिडकीत आवार मागे गेलं, खानावळीची मागची भिंत गेली, मग नुसती शेतं. दादा खिडकीशी, मी समोर. मला एकदम कडकडून भूक लागली. रविवारपासून मी चहावरच होते, हे तेव्हा लक्षात आलं.

जेवणवाला आला. दोन ताटं घेतली. भात, बटाट्याचा रस्सा, पाव, उकडलेलं अंडं, वाटीत कस्टर्ड. मी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "रस्सा बरा आहे रे, घे ना." दादानं स्वतःच्या ताटाला हात लावला नव्हता. त्यानं ते ताट उचललं आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं. अंड्याचं टरफल काढून अंडं माझ्या भातावर ठेवलं.

"आधी जेवून घे," म्हणाला. "मग मला तुला एक सांगायचंय."

आवाज आईसारखा होता. चेहराही तिच्याचसारखा, बाबांना आणखी घ्या म्हणतानाचा.

घास माझ्या तोंडात होता तसाच राहिला. पुढचं मोठं स्टेशन संध्याकाळी आहे. त्याची बॅग वर टाकलेली नाही, त्यानं ती पायाशीच ठेवली आहे. हे मी आत्ता बघितलं. चढल्यापासून मी एवढी खूश होते की बघितलंच नव्हतं.

म्हणजे हा नुसता माझं मन राखायला चढलाय. फलाटावरच नाही म्हणाला असता तर मी तिथेच रडत बसले असते, म्हणून अर्ध्या वाटेपर्यंत सोबत. असंच असेल. किंवा दुसरं काही असेल. मला ते ऐकायचं नाही. चीड अशी आली की ताट खिडकीतून फेकावं. मग विचार केला, फेकलं तर जेवण संपलं.

मी घास चावला. सावकाश चावला. भात संपल्यावर त्याच्या ताटातला भात घेतला. जेवणवाला परत आला तेव्हा म्हणाले, आणखी एक ताट द्या. तो दोन्ही ताटांकडे बघायला लागला. मी म्हणाले, "बघताय काय, द्या."

दादा म्हणाला, "हळू जेव. घाई नाही."

"मला कुठे घाई आहे," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याला कळलंय. कळू दे. चार दिवस त्यानं मला तंगवलं, मी काय त्याची बहीण नाही? डायरी ताटाशेजारी ठेवली आहे, पाव मोडते, एक ओळ लिहिते, पुन्हा पाव मोडते. घास घशाशी येतोय, पाणी पिऊन खाली ढकलते. खिडकीबाहेर एक छोटं स्टेशन गेलं, गाडी थांबली नाही. जेवणवाल्याला सांगून ठेवलंय की शनिवार सकाळपर्यंत इथून जाताना प्रत्येक वेळी थांबायचं आणि काय आहे ते दाखवायचं. म्हटलं, मला फार भूक लागली आहे.